सेंटर पिन कोरडी का राहिली

"निघाली का न्हाई पिन?" दत्तरावांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"विचारून निघत असती तर कवाच निघाली असती," मी ट्रॅक्टरखालून म्हणलो.

मी पोत्यावर उताणा पडलेलो होतो. पाठीखाली ओली काळी माती, नाकासमोर एक्सल आणि वर मोसंबीची फांदी. तिच्यावरून फवारणीचं औषध थेंब थेंब माझ्या कपाळावर गळून राह्यलं होतं. ट्रॅक्टर बांधावरून घसरून डाव्या अंगाला कलला होता. मागं फवारणीची टाकी, अर्धी भरलेली. एका झाडानं त्याला अडवून धरलं, न्हाईतर पलटीच होती. आम्ही चौघांनी तो ओढून सरळ केला, समोरून जॅक लावला, खाली लाकडी ठोकळे ठोकले, मंग मी आत शिरलो.

डिझेल सोडून, लोखंडी पंच ठोकून, शिव्या देऊन अर्ध्या तासानं पिन निघाली. हातात घेतली आणि माझं डोकंच फिरलं. पिन ठणठणीत कोरडी. ग्रीसचा मागमूस न्हाई. वरून लाल गंज झडून राह्यला, मिरचीच्या भुकटीसारखा. एका बाजूनं तर इतकी झिजलेली की नख अडकत होतं.

मी बाहेर आलो आणि पिन दत्तरावांच्या हातात ठेवली.

"हे बघा. याला वर्षानुवर्षं ग्रीसच मिळालं न्हाई."

सुनीतावहिनी दोन झाडं सोडून उभ्या होत्या. कोपर खरचटलेलं, त्याच्यावर हळद दाबलेली. पदर डोक्यावर.

"मी देते की मिस्त्री," त्या म्हणल्या. "दर शनिवारी देते."

"वहिनी, लोखंड खोटं बोलत न्हाई."

हे वाक्य माझं लई आवडतं. तीर्थपुरीत तीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त करून राह्यलो, आणि गिऱ्हाईक थापा मारायला लागलं की हे वाक्य मारतो. गिऱ्हाईक गप होतं. वहिनीही गप झाल्या.

आता जरा समजून घ्या. हा होता फळबागेतला छोटा ट्रॅक्टर. मोठा ट्रॅक्टर मोसंबीच्या बागेत घातला तर फांद्या मोडतो, फळ झोडपतो. छोटा बरोबर दोन ओळींमधून जातो. ट्रॅक्टर जुना, सेकंडहँड, मीच बघून दिल्ता. त्याच्या तोंडाखाली एक आडवं लोखंडी धूड असतं, तो समोरचा एक्सल. त्याच्या दोन टोकांना दोन चाकं. हे धूड घट्ट बसवलेलं नसतं, मधोमध एका जाड पिनवर टांगलेलं असतं. ती सेंटर पिन. एक चाक ढेकळावर चढलं की एक्सल तेवढा कलतो आणि ट्रॅक्टर सरळ राहतो. दोन्ही टोकांना दोन उभ्या पिना, किंगपिन. त्यांच्यावर चाक वळतं. प्रत्येक पिनभोवती एक पितळी बुश, म्हणजे बांगडीच समजा.

पिन आणि बुश एकमेकांवर घासतात, म्हणून मधी ग्रीस पाहिजे. ते आत जायला हरभऱ्याएवढं निपल असतं, त्याच्या तोंडात बारीक गोळी. ग्रीस गन लावून दांडा दाबला की गोळी मागं सरकते, ग्रीस आत जातं. दाब सोडला की गोळी पुढं येऊन भोक बंद. लहान लेकराला कळेल एवढं सोपं काम आहे, असं मी सगळ्यांना सांगत आलो.

त्या दिवशी झालं असं की वहिनी ओळीच्या टोकाला वळल्या आणि डावी किंगपिन जाम झाली. चाक वळलं ते सरळच होईना. सेंटर पिन झिजून ढिली, म्हणून एक्सल भलताच कलला आणि चाक बांध सोडून खाली गेलं. वहिनींनी क्लच-ब्रेक दोन्ही दाबून धरले म्हणून वाचल्या.

"रज्जाकभाई," दत्तराव म्हणले, "तिला सांगा, ट्रॅक्टर सोमवारी जाणार. धावडा गावचं गिऱ्हाईक कवापासून मागून राह्यलंय. त्याला आजच फोन करतो."

वहिनी तिथंच उभ्या होत्या, सगळं ऐकू येईल अशा. तरी सांगायचं मीच. दत्तराव त्यांचे भाया, नवऱ्याचे मोठे भाऊ. या घरात भाया-भावजय अजून थेट बोलत न्हाईत. मधी कुणीतरी लागतं, कधी जाऊ, कधी शेजारी, त्या दिवशी मी.

"आणि फवारणी?" मी विचारलं.

"गडी लावू. पाठीवरच्या पंपानं करतील. सुधाकर तिकडं पुण्याकडं कंपनीत. उद्या हिचं काही बरंवाईट झालं तर भावाला काय तोंड दाखवू? मशीन सांभाळणं व्हत न्हाई तर नसावीच."

माणूस वाईट न्हाई. त्यांनी ट्रॅक्टर कलताना डोळ्यानं बघितला होता.

पण मला वहिनींचंही ठाऊक होतं. पाच वर्षांपूर्वी ड्रायव्हर टिकेनात म्हणून ही बाई स्वतः सीटवर बसली. गावातल्या पारावर हसले लोक. "बाई ट्रॅक्टर हाकायला लागली, आता गड्यांनी भाकरी थापाव्या." दोन वर्षांत तेच लोक आपली बाग फवारून द्यायला तिला बोलवायला लागले. ट्रॅक्टर गेला की परत खुरपं आणि खालची मान. तेही माझ्या एका वाक्यावर.

एक्सल सोडवून पिकअपमध्ये टाकला. दत्तरावांनी बजावलं, "उभा राहील एवढंच करा. विकायचाच हाय."

मी मोटारसायकलला किक मारत होतो तवा वहिनी जवळून गेल्या. खालच्या आवाजात म्हणल्या, "तुम्ही शिकवलं तसंच करत होते मी."

ऐकलं मी. पण दुसऱ्या गावाला एक रोटाव्हेटर उघडा पडलेला, मी घाईत. मान हलवली आणि निघालो.

खरं सांगतो, त्या दिवसापासून मला काही सुचेना. रोटाव्हेटरचा बोल्ट उलटा आवळला. चहा मागवला, तो साय धरून गेला. घरी जेवताना बायको म्हणली, "क्या हुआ जी, रोटी को ऐसे क्या देख रहे?" मी म्हणलो, कुछ नहीं. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजला उभा राहिलो तर डोक्यात तीच लाल भुकटी. तौबा तौबा म्हणलो आणि मन धरून आणलं, पुन्हा पळालं.

मला टोचत होती ती ग्रीस गन. वहिनींच्या शेडमध्ये खुंटीला टांगलेली मी बघितली होती. धुतलेल्या फडक्यात गुंडाळलेली. जो ग्रीस देत न्हाई, त्याच्या गनवर कोळी जाळं विणतो. हिच्या गनचा दांडा तर हाताळून हाताळून चकचकीत झाल्ता. हे दिसूनही मी बोललो होतो, लोखंड खोटं बोलत न्हाई.

दुकानाशेजारी स्पेअर पार्टवाले शेठ बसतात. नमाजवरून येताना त्यांना सहज विचारलं.

"शेठ, दत्तरावांकडून ग्रीस कोण नेतं?"

"त्यांची भावजय. दर दोन-तीन महिन्याला डबा. का हो?"

"काही न्हाई."

"काही न्हाई तर तोंड एरंडेल पिल्यासारखं कामून केलंय?"

मी पुढं चालू लागलो. डबे जातात, गन चालते, आणि पिन कोरडी. मंग ग्रीस जातं कुठं? हवेत?

दुकानात आलो. दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांना म्हणलो उद्या या. एक्सल टेबलावर घेतला, माझी गन भरली आणि सेंटर पिनच्या निपलला लावली. दांडा दाबला. जाईना. छातीचा जोर लावला. ग्रीस आलं, पण निपलच्या तोंडातूनच, गनच्या कडेनं, शेवया पाडल्यासारखं. आत थेंब न्हाई. किंगपिनच्या निपलांना लावलं. तिथंही तेच.

तवा मी पहिल्यांदा त्या निपलकडं नीट बघितलं. निळं होतं. सगळा एक्सलच निळा होता, जाड चमकदार निळा. पातं घेऊन खरडलं. निळ्याखाली हिरवा, त्याखाली पिवळा, मंग भगवा, मंग लाल. शेवटी लोखंड. गोळी रंगात अशी बसलेली, जसा सिमेंटमध्ये खडा. खिळ्यानं उकरून निघाली.

पाच रंग. मी टेबलाला हात टेकून उभा राहिलो. कारण हे रंग मला ठाऊक होते.

दत्तरावांकडं पूर्वी बैलजोडी होती. काय जोडी होती! ट्रॅक्टर घेतला तवा विकली, आणि हा माणूस आठ दिवस जेवला न्हाई म्हणतात. मंग पोळा आला. पोळ्याला बैल न्हाई तर सण कुणाचा करायचा? त्यांनी ट्रॅक्टरचाच केला. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळण असते. बैलानं वर्षभर जू ओढलेलं असतं, म्हणून त्याच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात. दत्तरावांनी समोरचा एक्सल रॉकेलनं आणि साबणानं लख्ख धुतला, त्याला लोणी-हळद लावली. "हाच याचा खांदा," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी शिंगं रंगवायचा ऑइलपेंट घेऊन तोच एक्सल रंगवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक कोपरा न सोडता. दर पोळ्याला नवा रंग. मी स्वतः पुरणपोळी खात तो रंग बघून वा वा केलेली आहे. मिस्त्री म्हणून एकदाही वाकून बघितलं न्हाई.

म्हणजे वहिनी गन लावत होत्या, आणि निपलच्या तोंडाला बूच होतं.

इथवर मला सुटल्यासारखं वाटलं. रंग दत्तरावांचा, चूक त्यांची, आपण मोकळे. जाऊन सांगायचं आणि विषय संपला. पण ते बाहेर येणारं ग्रीस? गनच्या कडेनं शेवया येऊन राह्यल्यात हे वहिनींना दिसत होतंच की. विचारलं कामून न्हाई कुणाला?

आणि मंग आठवलं. पाच वर्षांपूर्वी त्यांच्याच अंगणात मी शिकवत होतो. मोटारसायकल चालू, एक पाय जमिनीवर, एक किकवर. वहिनींनी विचारलं होतं, "मिस्त्री, भरलं हे कळायचं कसं?" आणि मी म्हणलो होतो, "सोपं हाय वहिनी. ग्रीस बाहेर आलं की बस."

ग्रीस बाहेर आलं की बस! कुठून बाहेर आलं की? बुशच्या कडेनं, पिनच्या दुसऱ्या टोकानं. तिथून आलं तर आत भरलं. निपलच्या तोंडातून आलं तर एक कणही गेलेला न्हाई. हे अर्धं वाक्य मी खाल्लं होतं. घाई होती मला. कायमच असते. त्या बाईनं पाच वर्षं दर शनिवारी ग्रीस बाहेर आलेलं बघितलं, फडक्यानं पुसलं आणि समाधानानं गन टांगून ठेवली.

मला स्वतःचीच अशी चीड आली की पातं भिरकावून दिलं. ते शेठच्या ओट्यावर पडलं. शेठनी ते आणून ठेवलं.

आता खोटं कशाला बोलू? मनात आलं, गप राहावं. नवे निपल टाकायचे, एक्सल द्यायचा, सोमवारी ट्रॅक्टर धावड्याला. कोण बघतंय? तीस वर्षांचं नाव आहे. रज्जाक मिस्त्रीनं चुकीचं शिकवलं म्हणून ट्रॅक्टर पलटी होता होता वाचला, हे पारावर गेलं तर लोक मलाही हसणार. एक तासभर मी हाच विचार केला. काम करवेना, बसवेना. दुकानातून रस्त्यावर, रस्त्यावरून दुकानात. शेवटी शेठच म्हणले, "रज्जाकभाई, जे करायचं ते एकदाचं करून टाका. तुमच्या येरझारांनी माझं गिऱ्हाईक पळून राह्यलं."

शनिवारी एक्सल घेऊन शहागडला गेलो. हायवेवर ट्रकवाल्यांसाठी लोखंड कातायचा चांगला लेथ आहे. नवी सेंटर पिन घासून घेतली, मापात बुश केला, डावी किंगपिन नवी बसवली. लेथवाला म्हणाला, उजवी पण देऊ का करून? मी म्हणलो, तिला हात लावू नको. ती आहे तशी पाहिजे, रंगासकट.

सोमवारी सकाळी बागेत पोहोचलो तर धावड्याचे पाहुणे आलेले. खाटेवर बसून ट्रॅक्टरच्या टायरांकडं बघून राह्यले. दत्तरावांच्या कपाळाला आठ्या.

"लवकर बसवा रज्जाकभाई. पाहुण्यांना दूर जायचंय."

"बसवतो. आधी एक काम करा. ही गन घ्या आणि उजव्या किंगपिनला ग्रीस द्या."

"मी?"

"तुम्ही. मला बघायचंय."

वहिनी शेडच्या दाराशी होत्या. दत्तरावांनी तिकडं एकदा बघितलं, मंग गन घेतली. दांडा दाबला. जड गेला. बैलवाला माणूस, मनगटात जोर. पुन्हा दाबला. गनच्या कडेनं पिवळं ग्रीस वळवळत बाहेर आलं.

"भरलं," दत्तराव म्हणले.

"बराबर बघितलं ना?"

"बाहेर आलं की. अजून काय पाहिजे?"

"बिलकुल भरलं?"

"अहो भरलं! आता काय लिहून देऊ का?"

मी पाना लावून निपल काढलं. त्या भोकात आगकाडी घातली, आतपर्यंत फिरवली आणि बाहेर काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. काडी कोरडी. टोकाला लाल भुकटी.

पाहुणे खाटेवरून उठून जवळ आले.

"हे काय?" दत्तराव म्हणले.

"हेच तर. तुम्ही आता दिलं ना ग्रीस? तुमच्या भावजयीनं पण दर शनिवारी असंच दिलं. पाच वर्षं. गेलं कुठं ते? हे बघा." मी निपल त्यांच्यासमोर धरून पात्यानं खरडलं. निळा निघाला, हिरवा निघाला.

दत्तरावांनी निपल माझ्या हातातून घेतलं. जवळ नेऊन बघितलं. "हा हिरवा... गेल्याच्या गेल्या वर्षीचा," ते हळू म्हणले. "पिवळा, सुधाकरला रजा मिळाली न्हवती त्या वर्षीचा. भगवा..." बोलता बोलता ते खाली मातीतच बसले.

"म्हंजी मीच केलं हे."

"तुम्ही तोंड बंद केलं," मी म्हणलो. आता थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो. "मी अर्धं शिकवलं. ग्रीस बाहेर आलं की बस, हे माझे शब्द. कुठून बाहेर यायला पाहिजे ते मी सांगितलंच न्हाई. आणि गुरुवारी वर तोंड करून म्हणलो, लोखंड खोटं बोलत न्हाई. तीन माणसांत ज्या माणसाची चूक न्हाई त्यालाच बोललो. वहिनी, माफ करा."

मंग धावड्याचे पाहुणेच बोलले. व्यवहारी माणूस. "म्हंजी मशीनमध्ये खोट काहीच न्हाई! मंग द्या की. आत्ता घेऊन जातो."

दत्तराव उठले, धोतर झटकलं.

"पाहुणे, चहा घ्या. ट्रॅक्टरचं राहू द्या."

पाहुण्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्या ताटातली पोळी उचलली. चहा मात्र दोन कप प्याले.

ते गेल्यावर दत्तराव माझ्याकडं वळले. "रज्जाकभाई, तिला विचारा, असं व्हतं तर त्या दिवशी बोलली कामून न्हाई?"

वहिनी माझ्याकडं बघून म्हणल्या, "मिस्त्री, सांगा त्यांना. बोलले होते. एकदाच बोलले, पण बोलले होते."

मी कुणाला काय सांगणार? दोघांनाही ऐकू आल्तं. दत्तराव बागेकडं बघत राहिले.

मंग वहिनी पुढं आल्या आणि त्यांनी ते निपल हातात घेतलं. "दांडा लई जड जायचा हो," त्या म्हणल्या. "मला वाटायचं बाईचा हात, कमी पडत असंल. म्हणून दोन्ही हातांनी लटकून दाबायचे."

ते अर्धं वाक्य आठवलं तवा स्वतःची चीड आली होती. हे ऐकलं तवा मात्र मला मान वर करवेना. ती बाई पाच वर्षं स्वतःच्या हाताला दोष देत होती, आणि मी दर पोळ्याला त्यांच्या घरी पुरणपोळी खाऊन येत होतो.

"आता पूर्ण सांगा," वहिनी म्हणल्या. "शेवटपर्यंत. गाडी बंद करून."

मोटारसायकल बंदच होती. तरी मी चावी काढून खिशात घातली.

एक्सल बसवला. उजवी किंगपिन तिथंच धुतली, नवं निपल लावलं. मंग सांगितलं. आधी निपलचं तोंड पुसायचं, मातीही आत जाता कामा नये. समोरून जॅक लावून चाकं उचलायची, कारण वजन असलं की पिन एका बाजूला दाबून बसते आणि ग्रीस तिथं पोचत न्हाई. गन सरळ लावायची. दांडा जड गेला तर आपला हात कमी न्हाई, रस्ता बंद आहे, थांबायचं आणि बघायचं. आणि डोळा निपलवर न्हाई, बुशच्या कडेवर ठेवायचा. आधी काळं जुनं येतं. ते येऊ द्यायचं. मंग नवं पिवळं दिसलं की बस.

वहिनींनी गन लावली. चारदा दांडा दाबला आणि सेंटर पिनच्या कडेनं गोल पिवळी रेघ उमटली.

"अगं बाई," त्या म्हणल्या, "हे असं मी कधी बघितलंच न्हवतं. आणि किती हलकं जातंय!" मंग त्यांनी दोन्ही किंगपिनांना दिलं, चाकं हातानं फिरवून पुन्हा दिलं, आणि गन फडक्यानं पुसली.

दोन महिन्यांनी पोळा आला. मला बोलावणं होतंच. खांदमळणीच्या दिवशीच गेलो, कारण मला राहवेना. पुन्हा रंगात बुडवतात का काय, या धास्तीनं दोन रात्री झोप न्हवती.

दत्तराव एक्सलजवळ उकिडवे बसलेले. हातात लोण्याची वाटी. प्रत्येक निपलला त्यांनी ठिबकच्या नळीचा तुकडा कापून टोपीसारखा घातला होता, वरून सुतळीनं बांधला होता.

"बघा, बराबर हाय का?" त्यांनी विचारलं. "आधी ग्रीस झालंय तिचं. मंग माझं लोणी. मंग रंग."

"कोणता रंग यंदा?"

"गुलाबी."

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर सजला. बोनेटवर झूल, स्टिअरिंगला गोंडे, समोर गुलाबी एक्सल. आमच्याकडं पोळ्याला बैल वेशीतून मारुतीच्या देवळाला नेतात. बैल नेणारा तोच, ज्याच्या हाताखाली तो वर्षभर राबतो. त्याला नवा टॉवेल-टोपी देतात, आधी त्याला कुंकू लावतात. ट्रॅक्टर मात्र दर वर्षी सुधाकर असला तर सुधाकर, न्हाईतर दत्तराव नेत. यंदा सुधाकर आल्ता. नवा शर्ट घालून तो सीटवर चढून बसला, चावी फिरवली. वहिनी ओवाळायचं ताट घेऊन दारात उभ्या. गल्लीत हलगी वाजून राह्यली.

"सुधाकर, उतर," दत्तराव म्हणले.

सुधाकर उतरला. दत्तराव माझ्याकडं वळतील, काहीतरी सांगायला लावतील, म्हणून मी पुढं झालो. त्यांनी माझ्याकडं बघितलंच न्हाई. त्यांनी सरळ दाराकडं बघितलं.

"सुनीता," ते म्हणले, "तू ने."

सुधाकरचं तोंड उघडंच राहिलं. वहिनींनी ताट जावेच्या हातात दिलं, पदर डोक्यावरून घेऊन कमरेला खोचला आणि चढल्या. जावेनं आधी त्यांना कुंकू लावलं, मंग ट्रॅक्टरला. गल्लीचं वळण अवघड आहे, एका बाजूला गटार. वहिनींनी स्टिअरिंग फिरवलं, चाक वळलं आणि आपोआप सरळ झालं. मी वाकून फक्त तेवढंच बघत होतो.

आता नवं गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याची गाडी बंद करायला लावतो, माझीही बंद करतो, आणि ग्रीस कुठून आत जातं, कुठून बाहेर येतं ते शेवटपर्यंत सांगतो. जांभया देतात, देऊ द्या. लोखंड खोटं बोलत न्हाई, हे अजूनही म्हणतो. म्हणायच्या आधी रंग खरडतो, एवढंच.